काउआईतली अळवाची शेतं: आत जाता येतं का?

प्रश्न: ताई, मुलगी कॅलिफोर्नियात असते, मे महिन्यात आम्ही तिच्याबरोबर हवाईतल्या काउआई बेटावर जातोय. तिने हानालेईच्या खोऱ्याचे फोटो पाठवले, डोंगराच्या पायथ्याला पाण्याने भरलेली खाचरंच खाचरं आणि त्यात भात नाही, चक्क अळू! आमच्याकडे न्हाणीच्या पाण्यावर चार रोपं वाढतात तेवढंच अळू मला माहीत. त्या शेतात उतरून फिरता येईल का? आणि पोई नावाचा पदार्थ आम्हा शाकाहारी लोकांना चालतो का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, ते आपलंच अळू आहे, कोलोकेशिया एस्कुलेंटा. तिकडे त्याला कालो म्हणतात, पाण्याच्या खाचराला लोई आणि ओढ्यातून पाणी आणणाऱ्या पाटाला औवाई. पॉलिनेशियन लोक होड्यांतून या बेटांवर आले तेव्हा हे रोप सोबत घेऊन आले.

आता मुख्य प्रश्न. हानालेईतली जी शेतं फोटोत दिसतात त्यातली बरीचशी सरकारी अभयारण्यात आहेत, १९७२ साली ते पाणपक्ष्यांसाठी राखून ठेवलं आणि शेतकरी तिथे परवान्यावर कालो लावतात, कारण त्या उथळ पाण्यावरच तिथले दुर्मीळ पक्षी जगतात. त्यामुळे आपण उठून बांधावरून चालत सुटायचं असं तिथे चालत नाही, आणि चालू पण नये. प्रिन्सव्हिलजवळ हायवेच्या कडेला एक जागा आहे तिथून सगळं खोरं खाली पसरलेलं दिसतं, फोटो तिथूनच काढलेले असतात. सकाळी जा, ऊन तिरपं असतं तेव्हा पाणी चमकतं.

जवळून बघायचं तर त्याच रस्त्याने पुढे हाएनाच्या बाजूला लिमाहुली गार्डन आहे, तिथे जुन्या दगडी बांधांच्या पायऱ्यांवर कालो लावलेलं आहे आणि आपल्या आपण फिरता येतं. फक्त आधी ऑनलाइन बुकिंग करा. शेजारच्या हाएना स्टेट पार्कला पण बाहेरच्या लोकांना बुकिंगशिवाय सोडत नाहीत, दिवसाला ९०० च माणसं. हे का झालं ते सांगते. एप्रिल २०१८ मध्ये हानालेईच्या शेजारच्या वाइपा गावाला २४ तासांत ४९.६९ इंच, म्हणजे साधारण १२६२ मिमी पाऊस पडला, २६ जुलैच्या मुंबईच्या पावसाचा आकडा ९४४ होता, यावरून अंदाज करा. रस्ता खचला, शेतात गाळ भरला आणि हानालेईच्या पुढचा भाग पर्यटकांना वर्षभरापेक्षा जास्त बंद राहिला. त्या काळात गावकऱ्यांना कळलं की गर्दी नसली की आपलं गाव कसं असतं, आणि २०१९ मध्ये रस्ता उघडला तो ही मर्यादा घालूनच. मला हे फार योग्य वाटतं.

पण माझं खरं सांगणं वेगळंय. शेत बघायचं असेल तर काम करायला जा! वाइपाला एक स्थानिक संस्था आहे, तिथे गुरुवारी पोई बनवतात आणि लोक एकत्र बसून शिजलेले कंद खरवडून साफ करतात, आधी विचारून गेलात तर पाहुण्यांनाही हात लावू देतात. वाटेत होनोलुलुला थांबणार असाल तर तिथल्या युनिव्हर्सिटीच्या कानेवाई लोईत अधूनमधून सगळ्यांसाठी कामाचा दिवस असतो. चिखलात गुडघाभर उतरायचं, हाताने तण काढायचं. कंद काढताना आधी पायाने चाचपून मुळं सैल करतात, मग दोन्ही हातांनी उपटतात, कंद कापून घेतात आणि वरचा देठाचा भाग, त्याला हुली म्हणतात, तो परत चिखलात खोचतात. त्याच हुलीचं पुढचं पीक, तयार व्हायला वर्षभर तरी लागतं. एका खाचराचं पाणी दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात आणि शेवटी परत ओढ्यात जातं, आणि ते गार आणि वाहतंच लागतं, तुंबून गरम झालं की कंद सडतो. म्हणूनच ऊसमळ्यांनी मावी बेटावरचे ओढे वळवले तेव्हा तिथले कालोवाले देशोधडीला लागले, आणि पूर्व मावीतल्या ओढ्यांना पाणी परत सोडायचा मोठा निर्णय व्हायला २०१८ उजाडलं.

एक काळजी घ्या, हातापायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, तिथेही लेप्टो आहे.

पोई म्हणजे उकडलेला कंद आणि पाणी कुटून केलेली जांभळट-राखाडी पेस्ट, त्यात दुसरं काही नाही, शाकाहारी माणसाने बिनधास्त खावी. ताजी असताना सौम्य लागते, दोन-तीन दिवसांनी नाचणीच्या आंबिलीसारखी आंबट होते आणि तिथल्या जुन्या माणसांना तीच आवडते. लाउलाउ मात्र विचारून घ्या, वर कालोची पानं दिसतात पण आत डुक्कर किंवा मासा असतो.

आणि जेवायला बसाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथल्या कथेत वाकेआ आणि होओहोकुकलानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथून कालो उगवलं, आणि त्यानंतर जन्मलेला हालोआ हा माणसांचा पूर्वज. म्हणजे कालो हा थोरला भाऊ. म्हणून पोईचं भांडं उघडं असताना घरात भांडण काढत नाहीत. इतकं मानतात म्हणूनच युनिव्हर्सिटीने कालोच्या तीन जातींवर पेटंट घेतलं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि २००६ मध्ये ती पेटंट सोडावी लागली.

प्रश्न: मी पण हवाईला चाललोय. तिथला एखादा कंद आणून आमच्या वाडीत लावला तर चालेल?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: नका आणू हो. हवाईतून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे निघताना एअरपोर्टवर शेतमालासाठी बॅग तपासतात, आणि भारतात लावायचं रोप किंवा कंद आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. हे नियम उगाच नाहीत. बाहेरून आणलेल्या अ‍ॅपल स्नेल नावाच्या गोगलगायीने तिथल्या लोईंमध्ये कंद पोखरून शेतकऱ्यांच्या नाकी नऊ आणलेत, आणि तशीच एखादी कीड किंवा बुरशी कंदाबरोबर आपल्या वाडीत आली तर ती तुमच्या कुंपणाच्या आत थांबणार नाही.