‘कापूस विकला की देतो’

प्रश्न : दारव्ह्याजवळच्या गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लोक साक्षगंधापासून वरातीपर्यंत सगळं शूट करून घेतात. पैशाचं विचारलं की ‘कापूस विकला की देतो भाऊ’. मे महिन्यातल्या एका लग्नाचे 18,000 अजून अडकलेत. काय करावं?

उत्तर : भाऊ, कारण खोटंच असतं असं नाही. व्यापारीही शेतकऱ्याचा चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, लांबवतो. पण आपली उधारी कापसाला बांधायची कशाला? तारीख धरतानाच इसार घ्या. मी एकूण रकमेचा तिसरा हिस्सा घेतो आणि ‘तारीख रद्द केल्यास परत नाही’ असं पावतीवर लिहून नवरदेवाच्या वडिलांची सही घेतो. दुसरा हप्ता हळदीच्या दिवशी. पोरगी सासरी गेली की मांडववाला, आचारी, बँडवाला सगळे दारात असतात. त्या रांगेत फोटोवाला शेवटी. बाकी रक्कम अल्बम छापायला टाकण्याआधी. तोवर निवडीसाठी वॉटरमार्कचे छोटे फोटो द्यायचे, पेनड्राइव्ह नाही.

जुन्या 18,000 साठी व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम लिहून त्यांची कबुली मिळवा. वसुलीच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते. पण आधी ज्यांनी तुम्हाला हे काम दिलं, त्या मामा-काकांना मधे घाला. कोर्टाच्या नोटिशीपेक्षा ते लवकर पोचतात.