राखणीचा तरणा कुत्रा जाळीबाहेर पळतो, काय करावे?

प्रश्न (चोपडा तालुका, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव): साहेब, नमस्कार. खळ्यात ३२ शेळ्या आहेत. बिबट्याच्या भीतीने ठेलारी मेंढपाळांकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं, ते आता नऊ महिन्यांचं झालं. अंगाने दांडगा आहे, शेळ्यांना त्रास देत नाही. पण दिवस मावळला की जाळीबाहेर पडतो आणि पहाटे परत येतो. साखळीला बांधला तर रात्रभर विव्हळतो. जाळी वरून एक फूट वाढवली, तरी जातोच. काय करू?

उत्तर: भाऊ, आधी साखळीचं बोलतो, कारण ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रात्री कुत्रा साखळीला बांधू नका. बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार दुसरी नाही, आणि बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येतं, ना शेळ्यांच्या आडोशाला जाता येतं. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला मीच सांगितलं होतं, "थोडे दिवस बांधून ठेवा, सवय होईल." चौथ्या दिवशी सकाळी खुंट्याला साखळी आणि तुटलेला पट्टा तेवढा उरला होता. त्यानंतर हा सल्ला मी कोणालाही दिलेला नाही. कुत्र्याला कायम बांधून ठेवून मोकळं फिरू न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा ठरतो.

मी तुमच्या खळ्यावर आलो होतो त्या दिवशी आपण दोघं संध्याकाळी जाळीच्या कडेने फिरलो, आठवतं ना? फाटकाच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर खोल खळगा होता, त्यातली माती पोट घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि जाळीच्या खालच्या तारेला तांबूस केसांचा झुबका अडकलेला. म्हणजे तुम्ही जाळी वाढवली वरून, आणि तो जात होता खालून. म्हणून ज्यांचा ज्यांचा कुत्रा पळतो, त्यांनी पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ नुसतं बसून बघावं. तो उकरतो, चढतो, की तारांमधून अंग काढतो? प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

आणि जे करायचं ते एकाच वेळी, पुरतं करा. आज एक भोक बुजवलं, पुढच्या आठवड्यात दुसरं, असं केलं तर कुत्रा दर आठवड्याला नवी वाट शोधायला शिकतो. एकदा ही सवय अंगात मुरली की मोठेपणी मोडणं फार जड जातं.

तुमच्याकडची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, जाळीखाली फटी पडतात. पावसाळ्यात फुगते आणि अँगल तिरके होतात. कडेने सिमेंटचा पट्टा ओतला तर दोन पावसाळ्यांत तो तडकतो. त्यापेक्षा दोन फूट रुंदीची जाळी आतल्या बाजूने जमिनीवर आडवी अंथरा, तिची कड उभ्या जाळीच्या खालच्या तारेला बाइंडिंग तारेने वीत-वीत अंतरावर बांधा, वर दगड आणि माती टाका. कुत्रा नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतो. तिथे नखाला जाळी लागली की थांबतो. दोन फूट मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. फाटकाखाली मात्र शहाबादी फरशीचा उंबरा घाला.

उडी मारणाऱ्यासाठी उंची पाच फूट हवी. पण उंचीआधी जाळीजवळ काय काय ठेवलंय ते बघा. कडब्याची गंजी, पाण्याची टाकी, गव्हाण, उलटी ठेवलेली टोपली, हे सगळं त्याला पायरीसारखं उपयोगी पडतं. ते आत सरकवा.

एवढं करूनही ऐकत नसेल तर सौर झटका मशीनची तार लावा. एक तार जमिनीपासून आठ-नऊ इंचांवर, म्हणजे उकरताना नाक लागेल अशी, आणि एक वर. दोन्ही जाळीच्या आतल्या बाजूला. जाळी आधी पक्की करा, तार नंतर. फट उघडी असताना झटका बसला तर घाबरून तो मागे न येता पुढेच, बाहेर, पळतो. पहिला झटका दिवसा, तुम्ही आत शेळ्यांजवळ असताना बसू द्या, आणि त्या वेळी त्याला तारेकडे हाक मारू नका. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जमीन इतकी कोरडी होते की अर्थिंग धरत नाही, मशीन टिकटिकतं पण झटका लागत नाही. अर्थिंगच्या सळईभोवती एक दिवसाआड दोन घागरी पाणी ओता. तारेला टेकलेलं गवत कापत राहा.

तारांमधून अंग काढणाऱ्या कुत्र्यासाठी हलक्या पीव्हीसी पाइपाचे तीन तुकडे त्रिकोणात जोडून पट्ट्याला बांधतात. डोकं जातं, त्रिकोण अडतो. लांब पळणाऱ्याच्या गळ्यात आपले जुने लोक लोढणं घालायचे, दीड फुटाचं लाकूड गुडघ्याशी लोंबेल असं. पळताना ते पायाला लागतं, चालताना लागत नाही. दोन्ही उपाय दोन-तीन आठवड्यांपुरतेच, आणि तुमचं लक्ष असतानाच. उडी मारणाऱ्या कुत्र्याला यातलं काहीही घालू नका, जाळीला अडकून फास बसतो. मान रोज चाचपा. पट्ट्याखालच्या जखमेत पावसाळ्यात किडे पडायला वेळ लागत नाही.

आता तो मुळात का जातो, ते सांगतो. नऊ महिन्यांचा कुत्रा अंगाने मोठा दिसला तरी पोरच आहे. राखणीचे कुत्रे दीड ते दोन वर्षांचे झाल्यावर खरे स्थिरावतात. तुमच्या शेळ्या सकाळी चारणीला जातात आणि हा दिवसभर रिकाम्या खळ्यात एकटा. संध्याकाळी शेळ्या येऊन रवंथ करत बसतात, तेव्हा याच्या अंगात दिवसभराची रग असते. दोन-तीन म्हाताऱ्या शेळ्या दिवसा त्याच्याजवळ ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोरीला धरून जाळीच्या आतून पूर्ण फेरी मारा, रोज, त्याच वाटेने. आपली हद्द कुठपर्यंत आहे हे त्याला तुमच्या पायांबरोबर चालूनच कळेल. रात्रीचं जेवण तो जायच्या वेळेच्या थोडं आधी, खळ्यातच द्या. नुसती दादरची (ज्वारीची) भाकर आणि ताक या वयाच्या कुत्र्याला पुरत नाही; उकडलेली अंडी, शिजवलेलं मांस, डाळ-भात मिळालं पाहिजे. बोकड कापल्यावर डोकं किंवा आतडी कच्ची टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि शेळीच्या मेंदूत पाण्याचा फोड होऊन ती गरगर फिरायला लागते. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या.

भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात, तेव्हा नसबंदी न केलेला नर कितीही चांगल्या जाळीला दाद देत नाही. वर्षाचा झाला की पशुवैद्यकांना दाखवून नसबंदी करून घ्या. त्याने राखणीची वृत्ती जाते असं बरेच जण मानतात, तसं होत नाही. फिरणं मात्र कमी होतं. पोळा, गणपती, दिवाळी या दिवसांत डीजे आणि फटाक्यांना भिऊनही कुत्रे जाळी तोडतात. त्या रात्री त्याला शेळ्यांसोबत शेडमध्येच कोंडा.

पहाटे परत आला की मारू नका. मार पळण्याचा नव्हे, परत येण्याचा आहे असं त्याला वाटतं, आणि मग तो परत यायचाच थांबतो. बाहेर त्याच्या वाटेत बिनकठड्याच्या विहिरी आहेत, केळीत बिबट्या आहे, हायवे आहे, कोणी रानडुकरांसाठी लावलेल्या तारा आहेत. तो घरी आला यातच समाधान माना, पाणी पाजा आणि त्याच दिवशी भोक शोधा. रेबीजची लस चुकवू नका: पहिली तीन महिन्यांचा झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी, आणि मग दरवर्षी.

प्रश्न (साक्री तालुका): मेंढ्यांसाठी पिल्लू आणायचं आहे. कोणत्या जातीचं आणि किती दिवसांचं घ्यावं?

उत्तर: जातीपेक्षा आई बघा. मेंढ्यांच्या वाघरीत (जाळीच्या कोंडवाड्यात) वाढलेल्या, कळपाबरोबर चालणाऱ्या कुत्रीचं पिल्लू घ्या. कारवान जातीचा कुत्रा देखणा असतो, पण तो धावून शिकार करणारा. त्याच्याकडून कळपाशी बसून राहण्याची अपेक्षा करू नका. दाट केसांची थंड मुलखातली कुत्री आपल्या मे महिन्याच्या उन्हात हाल काढतात. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर आणा आणि पहिल्या रात्रीपासून मेंढ्यांजवळ ठेवा. साधारण सोळा आठवड्यांपर्यंत ते ज्यांच्या सहवासात राहतं, त्यांना आपलं मानतं. या काळात पोरं त्याला घरात खेळायला नेतात, आणि मग मोठं झाल्यावर ते कळप सोडून घराच्या ओट्यावर येऊन बसतं. पिल्लाला कोकरांबरोबर एकटं मात्र सोडू नका, खेळताना कान ओढतं. शांत, दोन वेळा व्यालेल्या मेंढ्या सोबतीला द्या. त्या धडक देऊन त्याला जागा दाखवतात.

प्रश्न (यावल तालुका): झटका मशीनला खर्च येतो. मोटारीच्या लाइनवरून जाळीला करंट दिला तर चालेल का?

उत्तर: नाही. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच करंट सोडतं, म्हणून अंग सुटतं. लाइनचा करंट सलग असतो, तो धरून ठेवतो आणि जीव घेतो: कुत्र्याचा, शेळीचा, रात्री पाणी द्यायला निघालेल्या माणसाचा. तो गुन्हा तर आहेच. तार जोडलेली असेल तर ती काढायला स्वतः हात लावू नका. आधी पेटीतून फ्यूज काढा, वायरमनला बोलवा आणि तो येईपर्यंत पोरांना जाळीजवळ जाऊ देऊ नका.