अंतराळात नेलेलं बियाणं आणि सुप्त अंडी परत आणल्यावर जगतात का?

बऱ्याचदा जगतात, पण कुठं ठेवली होती त्यावर आहे. नासाच्या एका उपग्रहात टोमॅटोचं सव्वा कोटी बी १९८४ ते १९९० फिरलं. ते डब्यात बंद होतं. नंतर शाळेतल्या पोरांनी लावलं आणि चांगलं उगवलं. याउलट अंतराळ स्थानकाबाहेर दीड वर्ष उघड्यावर राहिलेल्या तंबाखू आणि अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या बियांपैकी जेमतेम २३ टक्क्यांची रोपं झाली. पेरणीआधी गोणपाटात सोयाबीनची उगवण तपासणाऱ्या परभणीकराला हा आकडा किती वाईट ते सांगायला नको! तिथं मुख्य घात अतिनील किरणांनी केला.

कोरडेपणाच वाचवतो. पाणी नसलं की किरणांमुळे घातक मुक्त मूलकं (पेशीची मोडतोड करणारे अस्थिर रेणू) कमी तयार होतात, आणि ओल मिळाल्यावर पेशी डीएनएची डागडुजी सुरू करते.

वैश्विक किरणांतले, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्यातले जड कण (जड अणूंची केंद्रकं) मात्र वेगळे. १९७२ साली अपोलो १६ मधून आर्टेमिया या कोळंबीच्या नात्यातल्या चिमुकल्या जीवाची सुकी अंडी नेली होती. एकच जड कण अंड्यातून आरपार गेला तरी पुढची वाढ बिघडू शकते, हे त्यात दिसलं.