गुण घसरले ते गावांमुळेच कशावरून?

(एका वडिलांचं पत्र : मुलगी बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत एका संस्थेच्या सर्वेक्षणासाठी गावोगाव फिरली आणि आता ग्रामविकास प्रकल्पांच्या मूल्यमापनातच काम करायचं म्हणते. त्या नादात गुण ७४ वरून ६६ टक्क्यांवर आले. विहिरी किती, बियाणं किती हे मोजायला पदवी कशाला? तिला स्पर्धा परीक्षेकडे वळवा.)

नमस्कार. तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ चार वेळा आलंय. मुलीचं म्हणणं मात्र एकाच वाक्यात, तेही तुमच्या शब्दांत. मला काळजी वाटली ती याची. आठ टक्के गेले ते गावं फिरल्यामुळेच, हे कशावरून? त्या सत्रात वर्गातल्या इतरांचे गुण किती घसरले? विषय अवघड होते का? यातलं काही न विचारता तुम्ही दोष ठरवून मोकळे झालात. नेमकी हीच चूक कशी टाळायची, ते तुमची मुलगी शिकू पाहते आहे.

प्रकल्प आला आणि उत्पन्न वाढलं, म्हणून ते प्रकल्पामुळेच वाढलं असं होत नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल, भाव चढे असतील. म्हणून प्रकल्प न पोचलेली, पण एरवी तशीच असलेली गावं त्याच काळात तपासावी लागतात. आफ्रिकेतल्या निवडक गावांत शेती, आरोग्य, शिक्षण एकदमच सुधारू पाहणाऱ्या मिलेनियम व्हिलेजेस प्रकल्पावर हाच आक्षेप घेतला गेला. त्या प्रकल्पातल्या केनियातल्या साउरी इथे मोबाइल असलेली घरं भराभर वाढली. पण तेव्हा ती देशभरच वाढत होती. विहिरी आणि बियाणं मोजलं की केलेल्या कामाची नोंद होते, एवढंच. पाणी कोणाच्या शेतात गेलं, खर्च वजा जाता हातात काय उरलं, दुसरं पीक आलं तेव्हा त्याची खुरपणी घरातल्या बाईच्याच अंगावर पडली का, हे शोधायला शेती कळावी लागते आणि संख्याशास्त्रही. न उपयोगी पडणारी योजना चालू राहिली की शेतकऱ्याचा हंगाम जातो, आणि तो कोणी भरून देत नाही. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते गरिबी हटवण्याचे उपाय असे प्रयोगातून पारखण्यासाठीच.

स्पर्धा परीक्षा पदवीनंतरही देता येतात. त्यावर इथे जागा घालवत नाही.

यापुढचं तुमच्या मुलीसाठी आहे, तिला वाचायला द्या. बाळा, गावं आवडतात एवढ्यावर हे क्षेत्र निवडू नकोस. आकड्यांसमोर तासन् तास बसणं जमतं का, ते या वर्षीच बघ. संख्याशास्त्र पक्कं कर, आर किंवा स्टाटा यांपैकी आकडेवारी तपासण्याचं एक सॉफ्टवेअर शीक, मग कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. कर. सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. ज्यांनी पैसे दिले त्यांनाच ‘फरक पडला नाही’ असं सांगायची वेळही येईल.

पुढचं पत्र तू स्वतः लिही. सर्वेक्षणात कोणत्या प्रश्नाची उत्तरं तुला खरी वाटली नाहीत, ते मला कळव.