सुईची भीती वाटते, मग वजनासाठी इंजेक्शनऐवजी गोळी घेतली तर चालेल का?

डॉक्टरांनी तुम्हाला वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुचवलंय, सुईला तुम्ही घाबरता आणि गोळीनं तेवढाच फरक पडेल का, असं विचारताय. मी दोन्ही घेतलंय. कोल्हापुरात शाळेत शिकवते, मधुमेह आहे. साखरेसाठी आधी सेमाग्लुटाइडचीच रायबेल्सस नावाची गोळी होती, 3 मिलिग्रॅमपासून चढत 14 पर्यंत.

गोळी सोपी वाटते, पण सगळी सकाळ तिच्या ताब्यात जाते. उठल्याबरोबर उपाशीपोटी, फार तर 120 मिली पाण्याबरोबर घ्यायची. मी एका फुलपात्रावर आतून खूणच करून ठेवली होती. त्यानंतर अर्धा तास काही नाही, चहासुद्धा नाही. आमच्याकडे साडेपाचला आधण चढतं, सासूबाई कप घेऊन समोर उभ्या असायच्या आणि मी घड्याळाकडे बघत बसायची. त्यात थायरॉईडची गोळीही उपाशीपोटीच, दोन्हींचा मेळ डॉक्टरांनीच घालून दिला. चैत्रात जोतिबाला पहाटे निघालो त्या दिवशी गोळी राहिलीच.

एवढं सोवळं कशाला? हे औषध पोटात पचून जातं. गोळीतलं जेमतेम एक टक्का रक्तात पोचतं, अन्न-पाणी मध्ये आलं की तेही घटतं. म्हणून गोळी रोज 14 मिलिग्रॅमची, तर इंजेक्शन आठवड्याला 0.25 पासून सुरू होऊन वजनासाठी 2.4 पर्यंत जातं. आकडे बघून गोळी जास्त ताकदीची समजू नका.

वजनाचं म्हणाल, तर 2.4 च्या इंजेक्शनवर 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्याचं अभ्यासात दिसलं, आहार-व्यायामासकट. 14 ची गोळी मुळात मधुमेहासाठी आहे, तिच्यावर एवढी अपेक्षा ठेवू नका. वजनासाठीच्या 25 मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर 2025 मध्ये मान्यता मिळाली. तिचा फरक इंजेक्शनच्या जवळपास जातो, पण उपाशीपोटीचा नियम तिलाही आहे.

मळमळ दोन्हींत होते. डोस वाढला त्या आठवड्यात घरी पांढरा रस्सा होता. दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली, वासच नको झाला. थोडं थोडं, कमी तेलकट खाल्लं की निभतं. बद्धकोष्ठही होतं, पाणी पीत राहा. पोटात सतत कळा आल्या तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला असेल, तुम्हाला स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेला असेल किंवा दिवस राहायचा विचार असेल, तर ते आधीच सांगा. जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून तर अजिबात घेऊ नका. औषध बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं, हेही आधीच धरून चाला.

माझं इंजेक्शन गुरुवारी असतं, जेवणाआधी घ्या की नंतर, काही अडत नाही. नवीन पेन फ्रीजमध्ये ठेवते, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. पहिल्यांदा हात थरथरत होता, पोटाची चिमट धरून डोळे मिटले आणि टोचलं तेव्हा मुंगी चावल्याइतकंही कळलं नाही. तुम्ही पहिलं इंजेक्शन दवाखान्यातच सिस्टरकडून घ्या, सुई हातात घेऊन बघा, आणि मग गोळीचं ठरवा.