कॉम्रेड, साथी की सहकारी? दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याच्या आठवणी मराठीत आणताना

प्रश्न असा आहे : दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या कार्यकर्त्यांनी आपल्या गेलेल्या सोबत्यांविषयी लिहिलेले लेख आणि केलेली भाषणे मराठीत आणायची आहेत. मुळात पानोपानी 'कॉम्रेड' आहे. संपादक म्हणतात, सरसकट 'सहकारी' करा, नाहीतर वाचक प्रत्येकाला कम्युनिस्ट समजेल. काय करावे?

संपादकांची शंका रास्त आहे, उपाय मात्र मला मान्य नाही.

आपल्याकडे ही संबोधने पक्षांनी आपापसांत वाटून घेतली आहेत. नावाआधी 'कॉ.' आले की माणूस लाल बावट्याचा : कॉ. डांगे, कॉ. पानसरे. 'साथी' म्हटले की समाजवादी : साथी एस. एम. जोशी. शेतकरी कामगार पक्षात 'भाई' : भाई उद्धवराव पाटील, भाई गणपतराव देशमुख. नुसत्या संबोधनावरून पक्ष ओळखायची ही सवय घेऊनच आपला वाचक आफ्रिकेतल्या आठवणी वाचायला बसणार.

तिकडे ही वाटणी अशी नव्हती. कम्युनिस्ट पक्षावर १९५० मध्ये बंदी आली, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर १९६० मध्ये. पुढची तीस वर्षे दोन्हीकडची माणसे एकाच भूमिगत कामात, एकाच तुरुंगात आणि एकाच परागंदा आयुष्यात होती. त्यात 'कॉम्रेड' हा शब्द पक्षाची हद्द ओलांडून सगळ्यांचा झाला. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नेते ऑलिव्हर टाम्बो हे सश्रद्ध अँग्लिकन ख्रिस्ती, एके काळी धर्मगुरू व्हायला निघालेले. तरी कार्यकर्त्यांच्या तोंडी ते 'कॉम्रेड ओ. आर.'. जो स्लोवो आणि ख्रिस हानी हे तर कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीसच, त्यांना 'कॉ.' आपल्या अर्थानेही चपखल बसते. १९८० नंतर काळ्या वस्त्यांमधली आंदोलक पोरे स्वतःला 'कॉम्रेड्स' म्हणवू लागली. झोसा भाषेत त्यालाच 'अमाकाबाने' म्हणतात. (यातला 'का' आपल्या 'का'सारखा नाही. जीभ टाळूवर आपटून काढायचा तो चटकारा आहे आणि देवनागरीत त्याला अक्षर नाही.)

म्हणून माझे मत असे. कोणी कोणाला हाक मारतो आहे, कबरीशी उभे राहून बोलतो आहे, तिथे 'कॉम्रेड' तसेच ठेवा आणि पुस्तकाच्या आरंभी दोन ओळींत खुलासा करा की हा शब्द इथे पक्षाचा बिल्ला नाही. निवेदनात मात्र 'साथी' वापरा, नावाआधी न लावता : 'आमची एक साथी', 'माझे जुने साथी'. 'साथ' आणि 'साथी' हे संस्कृतातल्या 'सार्थ'पासून, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यापासून आलेले शब्द आहेत. वाट धोक्याची असते म्हणून तांड्याने जायचे, हा अर्थ या माणसांना शोभतो. आणि मूळ लेखात केवळ आदरासाठी दर नावाआधी 'कॉम्रेड' आले असेल, तर ते खुशाल गाळा. मराठीत तो आदर 'म्हणाले', 'गेल्या' या क्रियापदांत आपसूक येतो.

सगळ्यांना हा एकच शब्द लागू होता असेही समजू नका. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे एके काळचे अध्यक्ष आल्बर्ट लुथुली 'चीफ', म्हणजे टोळीप्रमुख, होते. पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचे संस्थापक रॉबर्ट सोबुक्वे यांना त्यांचे लोक 'प्रोफ' म्हणत. युसूफ दादू कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष झाले, लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत मार्क्सच्या शेजारी पुरले गेले, पण ट्रान्सवाल प्रांतातल्या हिंदी (म्हणजे भारतीय वंशाच्या) लोकांचे ते 'मोटा'च राहिले. हा गुजराती 'मोटा' मराठी कानाला समजावून सांगायला नको. अशी हाक जिथे येईल तिथे ती जशीच्या तशी राहू द्या.

आता 'सहकारी'. हा शब्द कचेरीतला आहे आणि शिवाय आपल्याकडे त्याला बँक आणि साखर कारखाना चिकटलेला आहे. पण तो सरसकट टाकाऊ नाही. १९५२ मध्ये मंडेला आणि टाम्बो यांनी जोहान्सबर्गमध्ये मिळून वकिली सुरू केली, त्या संदर्भात 'वकिलीतले सहकारी' अगदी बरोबर आहे. पत्रकार आणि कार्यकर्ती रूथ फर्स्टला १९८२ मध्ये मोझांबिकमधल्या मापुतोत पार्सलबाँबने मारले, त्याविषयी बोलताना मात्र कोणी 'आमची सहकारी' म्हणाले तर ऐकवणार नाही.

तुरुंगाच्या आठवणींत 'सहबंदी' हा शब्द पटकन सुचतो. तो वापरताना वर्णभेदाचा कायदा ध्यानात ठेवा. मंडेला आणि त्यांच्या साथींवरच्या रिव्होनिया खटल्यात जून १९६४ मध्ये आठ जणांना जन्मठेप झाली. सात जण रॉबेन बेटावर गेले. आठवे डेनिस गोल्डबर्ग गोरे, म्हणून त्यांना प्रिटोरियात गोऱ्यांच्या तुरुंगात ठेवले आणि त्यांनी तिथे बावीस वर्षे काढली. तेव्हा मंडेला किंवा त्याच खटल्यातले वॉल्टर सिसुलू यांच्या बाबतीत गोल्डबर्ग 'सहआरोपी' होते, 'सहबंदी' नव्हते. बेटावरही त्याच खटल्यातल्या अहमद कथराडांना हिंदी म्हणून लांब विजार मिळाली आणि मंडेला, सिसुलू यांना काळे म्हणून अर्धी चड्डी. जेवणाचा शिधासुद्धा वर्ण पाहून ठरत असे. एकाच गुन्ह्याची एकच शिक्षा भोगणाऱ्यांना सरकारने असे वेगळे केले होते. हा तपशील लेखात असेल तर 'सोबतचे कैदी' म्हणून गुंडाळू नका.

तुम्ही विचारलेले नाही, पण मला सर्वांत अवघड वाटते ते 'तू', 'तुम्ही', 'तो', 'ते'. इंग्रजीला हा निर्णय घ्यावा लागत नाही. आपल्याला दर वाक्यात घ्यावा लागतो, आणि स्मृतिलेखाचा सगळा सूर त्यावर ठरतो. १५ डिसेंबर २०१३ रोजी मंडेलांना त्यांच्या कुनू या गावी निरोप देताना कथराडा बोलले. वॉल्टर सिसुलू गेले तेव्हा मी वडील गमावले, आता भाऊ गमावला, अशा आशयाचे ते बोलणे होते. मंडेलांना ते 'मडाला' म्हणत. झुलू भाषेत त्याचा अर्थ म्हातारा. मंडेला त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठे, जगासाठी महापुरुष. मराठी अनुवादक हमखास 'आपण' किंवा 'तुम्ही' लिहील. मी 'तू' लिहीन. आपल्याकडे कितीतरी घरांत थोरल्या भावाला 'दादा, तू' म्हणतात आणि त्यात मान कमी होत नाही. सिसुलूंना मात्र 'तुम्ही', कारण कथराडांनी त्यांना वडिलांच्या जागी ठेवले आहे. नाते वक्त्यानेच सांगून ठेवले आहे, आपण मराठीच्या रीतीने ते पाळायचे.

तरुणपणी गेलेल्यांचे काय? सशस्त्र लढ्यातला कार्यकर्ता सॉलोमन महलांगू ६ एप्रिल १९७९ रोजी फाशी गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याच्या बरोबरीचे कोणी लिहीत असेल तर 'तो'च हवे. 'ते हसतमुख होते' असे लिहिले की बावीस वर्षांचा पोरगा तसबिरीत जाऊन बसतो. वर्तमानपत्री टीप असेल तर 'ते' चालेल, मित्राच्या लेखात नको.

सगळ्यात जास्त जपायला हवे ते 'निधन' या शब्दाला. मराठी श्रद्धांजलीची लेखणी सवयीने 'निधन झाले' लिहून जाते. सिसुलूंचे २००३ मध्ये निधन झाले, कथराडांचे २०१७ मध्ये झाले. पण काळ्यांच्या आत्मभान चळवळीचा नेता स्टीव्ह बिको याचे निधन झाले नाही. पोलिसांच्या मारहाणीत त्याच्या डोक्याला जबर दुखापत झाली, तशा अवस्थेत त्याला उघड्यानागड्याने गाडीत टाकून हजाराहून जास्त किलोमीटर प्रिटोरियाला नेले आणि १२ सप्टेंबर १९७७ रोजी तो तिथे मेला. वय तीस. पोलीस खात्याच्या मंत्र्याने आधी उपोषणाचे कारण पुढे केले होते. इथे 'पोलिसांच्या मारहाणीमुळे मृत्यू' असेच लिहायचे. ग्रिफिथ्स आणि व्हिक्टोरिया म्क्सेंगे या वकील दांपत्याची हत्या झाली, आधी त्याची १९८१ मध्ये आणि मग तिची १९८५ मध्ये.

पोलीस कोठडीत मेलेला कार्यकर्ता अहमद तिमोल याच्या बाबतीत तर शब्द निवडताना तारीखही पाहावी लागेल. २७ ऑक्टोबर १९७१ रोजी जोहान्सबर्गच्या जॉन व्हॉर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून तो खाली पडला. १९७२ च्या चौकशीत 'आत्महत्या' ठरवले गेले. घरच्यांनी आणि साथींनी ते कधीच मानले नाही. २०१७ मध्ये फेरचौकशी होऊन न्यायालयाने खून झाल्याचा निर्णय दिला. तुमचा लेख २०१७ च्या आधीचा असेल आणि त्यात पोलिसांचे म्हणणे उद्धृत केले असेल, तर 'आत्महत्या' अवतरणात ठेवा आणि तळटीप द्या. तुमच्या स्वतःच्या परिचयात 'खून' लिहा.

'हुतात्मा' जपून वापरा. स्वतःची आहुती देणारा, हा त्याचा अर्थ. फासावर गेलेल्या महलांगूला तो शोभतो. ज्यांना रस्त्यात अडवून पोलिसांनी मारले, त्या क्रॅडॉक गावच्या चौघा कार्यकर्त्यांना (मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्खोन्तो, सिचेलो म्हलाउली) तिथले लोक हुतात्माच मानतात, म्हणून भाषणात तो शब्द येऊ द्या, पण काय घडले ते सांगताना 'चौघांना ठार मारले' हे क्रियापद चुकवू नका.

राहिले नावाआधीचे 'कै.'. ते इथे चालणार नाही. मुसलमानासाठी 'पैगंबरवासी' आणि ख्रिश्चनासाठी 'ख्रिस्तवासी' हे शब्द मराठीत आहेत, पण या लढ्यातल्या माणसांत ख्रिस्ती, मुस्लिम, हिंदू, ज्यू आणि कोणताच धर्म न मानणारे एकत्र आहेत. दर नावामागचा धर्म शोधत बसू नका. 'दिवंगत' सुद्धा स्वर्गात गेलेलाच, पण आता तो शब्द पुरेसा झिजून सर्वांचा झाला आहे, तो परिचयात एकदा लिहा आणि पुढे नुसते नाव.