किब्बरला पहिल्यांदा राहायला जाताय ना?
हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या या गावात आठवडाभर राहायचं ठरवलंत, फार छान! सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. मनालीहून थेट वर चढू नका. किब्बर सुमारे ४२०० मीटरवर आहे. शिमला-किन्नौरमार्गे या, काझात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, दोन रात्री थांबा. विरळ हवेमुळे डोकं ठणकून उलट्या झाल्या तर लगेच खाली उतरा.

२. घरातल्या कोरड्या संडासात पाणी अजिबात ओतू नका, वरून माती-राख टाका. त्याचंच खत पुढे जव आणि वाटाण्याच्या शेतात जातं. नवखे हमखास इथेच चुकतात आणि यजमान भिडेपोटी बोलत नाहीत.

३. रोज अंघोळीचा हट्ट नको. पाणी तापवायला सरपण लागतं आणि झाडं जवळपास नाहीतच; गोवऱ्या, लाकूड हिवाळ्यासाठी साठवतात.

हिवाळी मुक्कामाचं नंतर बोलू. आधी जूनमध्ये जाऊन या.